चाळिशी लागल्यावर चित्रकलेचा वर्ग: सोळा शनिवारांच्या नोंदी

मी कारखान्यात देखभाल विभागात आहे. तिथे ब्रेकडाउन रजिस्टर लिहावं लागतं: काय बिघडलं, कशामुळे, काय केलं, किती वेळ गेला. ही वही त्याच सवयीने लिहिली आहे. वय ४९, डावखुरा, डोळ्यांवर प्रोग्रेसिव्ह चष्मा. या तिन्ही गोष्टी पुढे आडव्या आल्या म्हणून आधीच सांगतोय. शाळा सुटल्यापासून चित्र म्हणून काही काढलेलं नाही. डिप्लोमाला इंजिनिअरिंग ड्रॉइंग होतं आणि त्यात मार्क चांगले पडले होते. ही चौथी गोष्ट सगळ्यांत जास्त आडवी आली.

वर्ग मोठ्या माणसांचा, नवशिक्यांचा. दर शनिवारी दोन तास, सोळा आठवडे, नऊ जण. शिकवणाऱ्या मॅडम माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहेत. मी त्यांना मॅडम म्हणतो, त्या मला काका.

४ जानेवारी २०२५, वर्ग १

टेबलावर एक पांढरा मग, कान उजवीकडे. वेळ वीस मिनिटं. मी आठ मिनिटांत उरकला आणि बाकीच्यांकडे बघत बसलो. शेजारच्या आजी अजून मगाची एक कडच शोधत होत्या. मनात म्हटलं, आपला वर्ग चुकला, वरच्या वर्गात नाव घालायला हवं होतं.

मॅडम आल्या, मगाकडे आणि माझ्या कागदाकडे आलटून पालटून बघत राहिल्या. "रेघ स्वच्छ आहे काका. पण हा मग या टेबलावरचा नाही."

"मग हा मग कुठला?"

"तुमच्या डोक्यातला. टेबलावरच्याचा कान जरा खाली बसलाय. आणि त्याचा तळ इतका चपटा दिसत नाहीये."

घरी येऊन ताडून पाहिलं. मी आयसोमेट्रिक (वस्तूच्या तिन्ही बाजू ठरावीक कोनांत दाखवणारं यंत्रचित्र) काढून आलो होतो. आयसोमेट्रिकमध्ये नळकांड्याचं वरचं आणि खालचं लंबवर्तुळ सारखंच असतं आणि हात तेच काढायला शिकलेला. प्रत्यक्षात नजरेखाली ठेवलेल्या मगाचं तोंड चपटं दिसतं आणि तळाची कड त्याहून जास्त गोलसर, कारण तळाकडे आपण अधिक वरून बघत असतो. हे समजायला पुस्तक लागत नाही, मगाकडे बघावं लागतं. आठ मिनिटांत मी फार तर तीनदा पाहिलं असेल.

बिघाड: बघून काढलं नाही, माहिती होती ते काढलं. उपाय: अजून नाही. पेंडिंग.

७ जानेवारी, घरी

सामानाचा हिशेब. वर्ग सुरू व्हायच्या आधीच उत्साहात घेतलेलं: बारा पेन्सिलींचा डबा, जलरंगाच्या चोवीस ट्यूबा, सात ब्रश, घडीचा इझल (बोर्ड उभा ठेवायची घोडी), तीन स्केचबुकं, छटा घोटायचे कागदाच्या गुंडाळीचे स्टंप, बॅटरीवर चालणारा खोडरबर. वर्गात लागलेलं: २बी (मऊ) पेन्सिल, कार्ट्रिज पेपर (चित्रकलेचा जाडसर कागद), बोर्ड, चार क्लिपा.

सुरुवात करणाऱ्याला एवढंच सांगतो की पहिल्या वर्गाला पेन्सिल आणि कागद घेऊन जा, बाकीचं मॅडम किंवा सर सांगतील तेव्हा घ्या. बॅटरीवाल्या खोडरबरचं खोकं मी अजून फोडलेलं नाही. मॅडमना तो दाखवायची हिंमत झाली नाही.

११ जानेवारी, वर्ग २

दोन तास नुसत्या रेघा. दोन ठिपके द्यायचे आणि पट्टीशिवाय जोडायचे. माझी प्रत्येक लांब रेघ कमानीसारखी वळते. कारण सोपं आहे: मनगट टेबलावर टेकवलं की ते कंपासच्या टोकासारखं काम करतं, पेन्सिल त्याच्याभोवती फिरते. लांब रेघ खांद्यातून ओढायची, मनगट हलूच द्यायचं नाही. आणि नजर पेन्सिलीच्या टोकावर नको, जिथे पोचायचं त्या ठिपक्यावर हवी.

मग लंबवर्तुळं. माझ्या लंबवर्तुळांना दोन्ही बाजूंना टोकं येतात, डोळ्याच्या चित्रासारखी. खऱ्या लंबवर्तुळाला टोक कुठेच नसतं, अगदी चपट्यालाही कडेला गोलाई असते. उपाय: कागदाला न टेकवता हवेतच दोनदा हात फिरवायचा आणि तिसऱ्या फेरीला हळूच टेकवायचा. घरी रोज चाळीस, असं ठरवलंय.

१४ जानेवारी, घरी

तीन दिवसांत चाळीस, चाळीस, शून्य.

१८ जानेवारी, वर्ग ३

आठवडाभर घरी एक बाटली काढत होतो. मापं घेऊन, सावकाश, या वेळी बघून. तरी प्रत्येक बाटलीची मान लांब होत होती. पाच बाटल्या काढल्या, पाचही उंच मानेच्या. हात बिघडलाय, असं धरून मी चार संध्याकाळी हातावर घालवल्या.

आज वर्गात त्या पाच बाटल्या भिंतीला लावल्या आणि मॅडमनी एकच प्रश्न विचारला: "घरी कागद कुठे ठेवता?"

टेबलावर, सपाट.

कागद सपाट ठेवला की त्याची लांबची कड तिरकस कोनातून दिसते आणि आखडलेली भासते. ती भरून काढायला हात आपोआप तिकडे जास्त लांबी देतो. टेबलावर असेपर्यंत चित्र ठीक दिसतं, भिंतीला लावलं की मान ताणलेली. म्हणजे हातात दोष नव्हता, मांडणीत होता. यंत्राचा पाया लेव्हलमध्ये नसताना बेअरिंगं बदलत बसण्यासारखं झालं हे. आमच्या खात्यात असं कुणी केलं असतं तर मी त्याला सोडलं नसतं.

उपाय: बोर्डाची खालची कड मांडीवर, मागची बाजू टेबलाच्या कडेला टेकलेली, म्हणजे नजर कागदावर साधारण काटकोनात पडते. घडीचा इझल यासाठी चालला असता. पण तो माझ्याकडून नीट उघडत नाही. तो विषय वेगळा.

वाया गेलेला वेळ: चार संध्याकाळी, अंदाजे पाच तास. आणखी एक सवय लावून घेतली, दर दहा मिनिटांनी उठून चार पावलं मागे जायचं आणि चित्र तिथून बघायचं. बसल्या जागी न दिसणाऱ्या चुका तिथून ओरडून सांगतात.

२५ जानेवारी, वर्ग ४

आजची नोंद चष्म्याबद्दल. चाळिशी ओलांडून वर्गाला जाणाऱ्या प्रत्येकाने ही वाचावी, कारण याबद्दल मला कुणीच काही सांगितलं नव्हतं.

प्रोग्रेसिव्ह काचेत वरच्या भागातून लांबचं दिसतं, तळाच्या भागातून वाचायचं, आणि मधली पट्टी अरुंद असते. दोन्ही कडांना प्रतिमा वाकते. रोजच्या कामात हे जाणवत नाही. चित्र काढताना मात्र माझं असं होत होतं: टेबलावरची वस्तू दोन मीटरवर, ती वरच्या भागातून. बोर्ड हातभर अंतरावर, तो ना वरून नीट दिसतो ना खालून. म्हणून हनुवटी वर करून मधली पट्टी शोधायची. हनुवटी वर गेली की डोळ्याची जागा बदलली, आणि डोळ्याची जागा बदलली की वस्तूसुद्धा थोडी वेगळी दिसते. वर कागदाच्या कडेची सरळ रेघ काचेच्या कडेतून वाकडी. दर वर्गानंतर मान दुखायची ती वेगळीच.

गेल्या आठवड्यात चष्म्याच्या तपासणीला गेलो आणि बोर्ड ते डोळा हे अंतर टेपने मोजून नेलं: ६५ सेंटीमीटर. त्या एकाच अंतराचा साधा, एका नंबरचा चष्मा करून घेतला. आज तो लावून बसलो. बोर्ड लख्ख दिसला. लांबची वस्तू किंचित धूसर दिसली, आणि त्याची मला भीती होती. पण मॅडम हसल्या. "बरंच झालं. बाकीच्यांना मी डोळे बारीक करून बघा म्हणून ओरडते, तुमचं काम चष्माच करतोय." धूसर दिसल्याने बारीकसारीक नक्षी गळून पडते आणि मोठे आकार, उजेड-अंधार तेवढे उरतात. सुरुवातीला तेच तर काढायचं असतं.

आत्तापर्यंतच्या खर्चात हाच एक खर्च मला टोचला नाही.

१ फेब्रुवारी

गेलो नाही. कारखान्यात शटडाउन होतं.

८ फेब्रुवारी, वर्ग ६

लाकडी खुर्ची. खुर्ची मला पाठ आहे: चार पाय समांतर, बैठक चौकोनी. म्हणून मॅडमनी आज खुर्ची काढायलाच मनाई केली. पायांमधल्या, पाठीच्या दांड्यांमधल्या रिकाम्या जागा काढायच्या, त्यांचे आकार. रिकाम्या जागेबद्दल माझ्या डोक्यात कसलीही माहिती नाही, त्यामुळे पहिल्यांदाच सारखं बघावं लागलं. पाऊण तासात कागदावर सात-आठ वेडेवाकडे तुकडे जमले आणि त्यांच्यामध्ये एक खुर्ची आपोआप उभी राहिली. थोडी कललेली, पण तीच खुर्ची.

गडबड झाली ती मापात. हात लांब करून पेन्सिलीवर अंगठ्याने माप धरायचं, एक डोळा मिटायचा, हे सगळे शिकवतात. माझं माप दर वेळी वेगळं यायचं. शेवटी कारण सापडलं. उंची मोजताना कोपर ताठ असायचं, रुंदी मोजताना नकळत वाकायचं. डोळ्यापासून पेन्सिल ६० सेंटीमीटरवर असेल आणि कोपर वाकून ती ५४वर आली, की माप दहा टक्क्यांनी कमी. खुर्चीच्या बाबतीत दहा टक्के म्हणजे पाठ मोडली. दुसरी चूक अशी की पेन्सिल वस्तूच्या दिशेने तिरकी झुकवायची नाही. ती नजरेला आडवीच हवी, समोर काचेची भिंत आहे आणि तिला पेन्सिल चिकटवली आहे असं समजून.

मी पेन्सिलीऐवजी स्टीलची सहा इंची पट्टी आणली होती, मिलिमीटरपर्यंत अचूक मिळेल म्हणून. मॅडमनी ती काढून घेतली. "किती मिलिमीटर ते नको. यात ते कितीदा बसतं, एवढंच सांगा." वर्ग सुटल्यावर परत दिली.

१६ ते २३ फेब्रुवारी, घरी. दोऱ्यांची चौकट

व्हॅन गॉगने १८८०मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, चित्रकार व्हायचं ठरवलं. १८८२मध्ये हेगला असताना त्याने एक चौकट बनवून घेतली होती. लाकडी फ्रेम, तिच्यात ताणलेल्या दोऱ्या आणि जमिनीत रोवायला दोन पाय. भाऊ थिओला लिहिलेल्या पत्रात त्याने तिचं चित्रच काढून पाठवलंय. हे वाचलं आणि मला राहवेना. सुतारकाम तर आपल्या हातचं.

जुन्या फोटोफ्रेमला खिळे मारून ४ बाय ४ चौकोन होतील असे दोरे ताणले. कागदावर तेवढेच चौकोन पुसट आखले. दोऱ्यांमधून बघायचं, वस्तूची कड कुठल्या चौकोनात कुठे जाते ते बघून कागदावर तिथेच न्यायची. बनवायला एक संध्याकाळ.

पहिले तीन दिवस सगळं चुकलं. डोकं दोन बोटं हललं की अख्खी किटली शेजारच्या चौकोनात सरकायची. चौकट पक्की होती, डोळा पक्का नव्हता. चौथ्या दिवशी हनुवटी टेकवायला एक काठी उभी केली आणि ती चौकटीला जोडली. मग जमलं. किटली इतकी बरोबर आली की मुलगी म्हणाली, "बाबा, ट्रेस केलंत ना?"

वर्गात दाखवली. मॅडमना चौकट आवडली, किटली नाही. "चौकोन भरलेत तुम्ही. किटली कुठे जड आहे, कुठे हलकी, हे कुठे दिसतंय?" आधी वाईट वाटलं. मग चौकटीशिवाय तीच किटली काढली तेव्हा लक्षात आलं, की तिची चोच झाकणापेक्षा जरा खाली संपते हे चौकटीने मला आधीच दाखवलं होतं आणि आता ते दोरीविना दिसत होतं. म्हणजे चौकटीने काहीतरी दिलं. पण हनुवटीच्या काठीवर बसून आयुष्य काढायचं नाही. चार दिवस वापरायला चांगली आहे. माळ्यावर ठेवली.

१ मार्च, वर्ग ९

छायाप्रकाश. आधी पाच चौकोनांची पट्टी: पहिला कोरा कागद, शेवटचा शक्य तितका काळा, मधले तीन समान पायऱ्यांनी. माझा सगळ्यांत काळा चौकोन आजींच्या तिसऱ्याइतका होता. हात दाबायला धजावत नाही, इतकी वर्षं रेघ पातळ आणि स्वच्छ ठेवल्याचा परिणाम. २बीने जमेना तेव्हा तिच्याहून मऊ आणि काळी ६बी घेतली. तरी शिसाची पेन्सिल एका मर्यादेपलीकडे काळी होत नाही, उलट दाबून दाबून घोटलेल्या जागी चमकायला लागते. काळेपणा थरांनी चढवायचा, रेघांची दिशा बदलत.

घरी एका चेंडूवर प्रयोग केला आणि दोन दिवस फुकट घालवले. चेंडूला दोन सावल्या पडत होत्या, एक दिव्याची आणि एक छतावरच्या ट्यूबची. त्या एकमेकींत मिसळून कुठलीच कड समजेना. ट्यूब बंद केली, एकच दिवा ठेवला, आणि चेंडू पाच मिनिटांत समजला: उजेडाची जागा, मधली छटा, सगळ्यांत गडद पट्टा, त्याच्या पलीकडे टेबलावरून परत येणारा अंधुक उजेड, आणि टेबलावरची पडछाया. परतलेला तो उजेड मी फार उजळ केला होता. तो सावलीच्या घरातला आहे, उजेडाच्या बाजूच्या मधल्या छटेहून तो गडदच ठेवायचा. उजळ केला की चेंडू पत्र्याचा दिसतो.

डावखुऱ्यांसाठी वेगळी नोंद: वर्गात दिवा डावीकडे असतो, कारण उजव्या हाताने काढणाऱ्यांना तो सोयीचा. माझ्या हाताची सावली बरोबर टोकावर पडायची. दोन महिने मी काही बोललो नाही. आज जागा बदलून मागितली, अर्धा मिनिट लागला. तसंच काळं करताना मी उजवीकडून डावीकडे सरकतो आणि हाताखाली कोरा कागद ठेवतो, नाहीतर तळहात सगळं पुसत नेतो.

८ मार्च, वर्ग १०

चारकोल, म्हणजे चित्रकलेचा कोळसा. सोळा आठवड्यांतला सगळ्यांत आनंदाचा दिवस. रेघ पातळ ठेवणं शक्यच नाही, सबंध हात काळा, आणि विलोच्या काडीचा चारकोल बोटाने पुसला जातो म्हणून भीती नाही. आधी अख्खा कागद राखाडी करून मळत्या (कणकेसारख्या मऊ) रबराने उजेड उचलायचा, असं काढलं. प्रथमच माझ्या चित्रात अंधार खरंच अंधार होता.

मग घरी फिक्सेटिव्ह (चारकोल पुसला जाऊ नये म्हणून मारायचा फवारा) फार जवळून मारला. थेंब पडून दोन ठिकाणी डाग ओघळले. हातभर लांबून, उघड्या हवेत, हलके दोन हात मारायचे आणि मध्ये वाळू द्यायचं. हे डब्यावर लिहिलेलं असतं.

१५ मार्च, वर्ग ११

आरशात बघून स्वतःचा चेहरा. डोळे कुठे असतात? सगळ्यांनीच ते डोक्याच्या वरच्या तिसऱ्या भागात काढले, आजींनी सुद्धा. पेन्सिलीने मोजल्यावर ते डोक्याच्या उंचीच्या बरोबर मध्यावर निघाले. आपल्याला चेहऱ्यात रस असतो, कपाळ आणि टाळू यांच्यात नसतो, म्हणून वरचा भाग आपण कापून टाकतो. माझी टाळू तर कापण्याजोगीही राहिलेली नाही, नुसती मोकळी जागा आहे. तिथे माप घेणं सोपं गेलं.

चित्र माझ्यासारखं दिसत नाही, माझ्या थोरल्या भावासारखं दिसतं. घरात यावर एकमत आहे.

२२ मार्च, वर्ग १२

जलरंग. चोवीस ट्यूबा अखेर बाहेर.

पहिला घोटाळा कागदाचा. स्केचबुकाच्या कागदावर पाणी लावलं आणि तो पत्र्याच्या छपरासारखा वर-खाली झाला, रंग खळग्यांत साचला. जलरंगाला ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड) कागद हवा, आणि तोही चारी बाजूंनी बोर्डाला टेपने चिकटवलेला. याहून पातळ कागद वापरायचा तर आधी भिजवून, गोंदपट्टीने ताणून, वाळवून घ्यावा लागतो. मी तीनही स्केचबुकं घरच्यांना यादी लिहायला देऊन टाकली.

दुसरा घोटाळा घाईचा. आकाशाचा वॉश (पातळ रंगाचा सलग हात) अर्धवट वाळला होता, मध्ये एक फिकट डाग दिसला, तो नीट करायला ओला ब्रश टेकवला. पाण्याने रंग ढकलला आणि कातरलेल्या कडेचं मोठं फूल उमटलं. ते पुसायला आणखी पाणी, आणखी फुलं. ओला वॉश ओला असताना काय ते करायचं, नाहीतर पूर्ण वाळेपर्यंत हात मागे बांधायचे. वाळला की नाही हे बोटांची मागची बाजू हलकेच टेकवून समजतं: कागद गार लागला तर अजून ओला आहे.

२९ मार्च

परत शटडाउन. वर्ग बुडला.

५ एप्रिल, वर्ग १४

चोवीस रंगांतून माझ्याकडे फक्त चिखल तयार होतो. मॅडमनी वीस ट्यूबा बाजूला केल्या. उरले लेमन यलो, एक थंड गुलाबीसर लाल, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना.

यात मला माझ्या ओळखीचं काहीतरी सापडलं. ट्यूबेच्या मागे बारीक अक्षरांत पिगमेंटचा (रंगद्रव्याचा) क्रमांक असतो, स्पेअर पार्टच्या नंबरासारखा. अल्ट्रामरीन म्हणजे पीबी २९. कंपनीने नाव काहीही छापलेलं असो, नंबर खरं सांगतो. माझ्या चोवीसपैकी बऱ्याच ट्यूबांवर दोन-दोन, तीन-तीन नंबर निघाले, म्हणजे ते आधीच केलेले मिश्र रंग. असे दोन रंग मिसळले की प्रत्यक्षात चार ते सहा पिगमेंटं एकत्र येतात, आणि चिखल तिथून येतो. ज्यांच्यावर एकच नंबर आहे असे रंग मिसळा, काय होतंय ते निदान कळतं.

अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांची जोडी तर कमालच आहे. कमी-जास्त प्रमाणात निळसर राखाडी ते तपकिरी राखाडी, आणि दाट घेतलं तर जवळपास काळा. एक संध्याकाळ मी नुसती या दोघांची पट्टी करत बसलो. काळ्या रंगाची ट्यूब उघडलीच नाही. फक्त हे लक्षात ठेवा की जलरंग वाळल्यावर फिकट होतो. ओला असताना बरोबर दिसला तर वाळून पांढुरका पडणार, थोडा जास्तच गडद घ्यायचा.

१२ एप्रिल, वर्ग १५

वाईट दिवस. कोपऱ्यात एक तरुण मुलगा बसतो. तो नवशिक्या म्हणूनच आला होता, पण त्याने आज काढलेली कुंडी बघून माझी माझ्या चित्रावर परत नजर टाकायची इच्छा होईना. माझ्या कुंडीला लंबवर्तुळाची टोकं पुन्हा आली होती. जानेवारीतली चूक, एप्रिलमध्ये.

मधल्या सुट्टीत सामान भरायला लागलो. आजी म्हणाल्या, "अहो, थांबा की, माझी कुंडी तर कलंडलीय." त्यांची कुंडी खरंच कलंडली होती. थांबलो. दुसऱ्या तासात हवेत हात फिरवून बारा लंबवर्तुळं काढली आणि घरी आलो. कुंडी तशीच राहिली.

१९ एप्रिल, वर्ग १६

शेवटचा वर्ग. मॅडमनी पहिल्या दिवशीचा मग आणला, तसाच, कान उजवीकडे. वीस मिनिटांत माझा पुरा झाला नाही. तळ जमला. कानाच्या आतली रिकामी जागा जमली. मगाच्या ओठाची मागची कड चालू असताना वेळ संपली. मॅडमनी तो कागद जानेवारीतल्या मगाशेजारी लावला. जानेवारीतला जास्त देखणा आहे, हे सगळ्यांनी कबूल केलं.

हिशेब, येणाऱ्यांसाठी. सोळापैकी दोन वर्ग बुडाले, म्हणजे वर्गात २८ तास. घरी ७१ दिवस बसलो, मिळून ४३ तास. त्यातले पाच सपाट टेबलाने खाल्ले, तीन दोन सावल्यांनी, सहा दोऱ्यांच्या चौकटीने (ते पूर्ण वाया गेले असं म्हणवत नाही). खर्च: वर्गाची फी शंभर धरली तर सामान नव्वद, त्यातलं प्रत्यक्ष वापरलेलं पस्तीस. चष्मा साठ. इझल एका मित्राला दिला. त्याच्याकडून तो पहिल्याच झटक्यात उघडला.

३ मे, घरी नाही

वर्ग संपल्यावर हात थांबू नये म्हणून जेवणाच्या सुट्टीत पंप हाउसमध्ये बसतो. तिथे एकाच मॉडेलचे चार पंप ओळीने आहेत. त्यांचं जनरल असेंब्ली ड्रॉइंग मी डोळे मिटून काढू शकतो, म्हणूनच भीती वाटत होती. बोर्ड मांडीवर, ६५चा चष्मा, २बी आणि ६बी. चार दिवस, रोज अर्धा तास. आधी पाइप आणि पाया यांच्यामधल्या रिकाम्या जागा काढल्या, पंप सगळ्यांत शेवटी. कपलिंगच्या (मोटर आणि पंप जोडणाऱ्या भागाच्या) गार्डवर, म्हणजे संरक्षक झाकणावर, उजेड विचित्र पडत होता, एका जागी उगाच मोडत होता. का ते कळेना, पण दिसत होतं तसंच ठेवलं.

आज आमच्या खात्यातला एक फिटर मागे येऊन उभा राहिला. या गड्याला चित्रात काडीचा रस नाही. बघितलं आणि म्हणाला, "साहेब, हा तीन नंबरचा ना?"

"कशावरून?"

"गार्ड आत दबलाय की. कपलिंगला घासेल."

जाऊन हात लावून पाहिलं. बोटभर दबलेला होता. रजिस्टरमध्ये नोंद टाकली: पंप क्रमांक ३, कपलिंग गार्ड, सरळ करणे किंवा बदलणे. चित्र सोमवारी पुरं करेन, गार्ड त्याआधी बदलला नाही तर.